उचल कोणाची, फेड कोणाची?

मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडी आहे आणि पश्चिम टोकाला ताम्हिणीचा घाट आहे. मधले अंतर पन्नासएक किलोमीटरांचे. पण ते केवळ किलोमीटरांत मोजता येण्यासारखे नाही. हिंजवडीच्या परिसरात संगणकाच्या कंपन्यांबरोबर औषधांच्या व लसींच्या संशोधनशाळाही उभ्या राहिल्या. नांदे येथे लुपिन कंपनीचे संशोधन केंद्र आहे. हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीने केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे साहाय्य घेऊन कोविडवरील देशातील पहिली एम-आरएनए लस तयार केली आणि जून २०२२ मध्ये तिला आणीबाणीच्या वापरासाठी परवानगी मिळाली. याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, धरणाच्या जलाशयाभोवती आणि घाटमाथ्यावर, कातकऱ्यांच्या व धनगरांच्या वस्त्या आहेत. पावसाळ्यात तेथे रोजगार थांबतो, ओढ्यांना पाणी चढते, मुलांना हगवण लागते आणि आधीच कमी असलेले वजन आणखी उतरते. त्या वस्तीवरील बालकाला हवी असतात जलसंजीवनीची पाकिटे, झिंकच्या गोळ्या, न्यूमोनियासाठी अमॉक्सिसिलिन, लोहाचे औषध आणि ठरल्या दिवशी टोचली जाणारी लस. यांपैकी बहुतेक वस्तू स्वस्त आहेत. दुर्मीळ तर एकही नाही. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-पाण्याच्या ज्या मिश्रणाने पटकीच्या रोग्यांचे प्राण वाचवले, त्यावर कोणाचे पेटंट नव्हते.

मग अडचण कोठे आहे? शास्त्राच्या बाजूने फारशी नाही. अडचण अशी, की औषध उपकेंद्राच्या कपाटात ज्या दिवशी हवे त्या दिवशी असण्यासाठी त्याचे पैसे कित्येक महिने आधी कोणी तरी मोजलेले असावे लागतात. आजारी मुलाची गरज अर्थसंकल्पाच्या तारखा पाळीत नाही. म्हणून बालकांच्या आरोग्याचा प्रश्न हा अखेरीस सार्वजनिक पैशाचा प्रश्न ठरतो. आणि सार्वजनिक पैशाचा प्रश्न हा राजकारणाचा प्रश्न असतो.

या प्रश्नाला गेल्या पंचवीस वर्षांत एक नवे नाव मिळाले आहे : नावीन्यपूर्ण अर्थसाहाय्य. रोखे, हम्या, फिरते निधी, जोडनिधी अशी त्याची अनेक रूपे आहेत. २०२५ साली या शब्दाला विशेष महत्त्व आले. ब्रिटनने फेब्रुवारीत आपली परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यावरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यावर आणण्याचा निर्णय जाहीर केला. जूनमध्ये ब्रुसेल्स येथे भरलेल्या परिषदेत अमेरिकेने ‘गॅव्ही’ या जागतिक लस-संघटनेला यापुढे पैसा देणार नसल्याचे सांगितले, आणि १ जुलै रोजी स्वतःची आंतरराष्ट्रीय विकास संस्थाच गुंडाळली. गॅव्हीने पाच वर्षांसाठी १,१९० कोटी डॉलर मागितले होते. त्या परिषदेत ९०० कोटींच्या थोडी वर आश्वासने मिळाली. धनिक राष्ट्रांनी हात आखडता घेतला, की बाजाराकडे बोट दाखवले जाते, हा अनुभव जुना आहे. तेव्हा समाजवादी कार्यकर्त्याने या नव्या साधनांकडे कसे पाहावे? त्यांच्या चकाकीने दिपून जाणे हा एक प्रमाद होईल. पण ‘हे सारे भांडवलदारांचे कारस्थान’ असे म्हणून तोंड फिरवणे हाही प्रमादच होईल. कारण त्या अवधीत एखादे मूल लसीवाचून राहत असते. साधने एका जातीची नाहीत. ती वेगवेगळी करून पाहिली पाहिजेत.

खावटी आणि संघ

पहिली जात काळाचे अंतर सांधणाऱ्या साधनांची आहे. गरीब देशाच्या अर्थसंकल्पात लसीसाठी तरतूद असते, पण खजिन्यातून पैसा सुटण्यास विलंब होतो. उत्पादक आगाऊ पैसे मागतो. आणि या दोन तारखांच्या मध्ये साठा संपतो. आदिवासी भागात काम केलेल्या कार्यकर्त्याला हे वेगळे समजावून सांगावयास नको. पावसाळ्याच्या महिन्यांत घरात दाणा नसतो आणि सुगी पुढे असते. त्या अंतरात सावकार शिरतो. महाराष्ट्रात आदिवासींसाठी खावटी कर्जाची योजना काढावी लागली ती याच कारणाने. युनिसेफने १९९१ साली लस-स्वावलंबनाचा जो निधी उभारला, तो मूलतः राष्ट्रांसाठी काढलेली खावटीच होय. देशाच्या वतीने आधी लस घेतली जाते. देशाचा पैसा आला, की तो निधीत परत जातो आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडतो.

याहून जुने आणि अधिक शिकण्याजोगे उदाहरण लॅटिन अमेरिकेचे आहे. तेथील राष्ट्रांनी १९७७ साली आपल्या आरोग्य संघटनेमार्फत लसखरेदीचा सामाईक फिरता निधी स्थापन केला आणि १९७९ पासून त्यातून खरेदी सुरू झाली. सर्व सभासद देशांची मागणी एकत्र करावयाची, एकच दर ठरवावयाचा, लहान देशालाही मोठ्या देशाच्याच दराने माल द्यावयाचा, पैसे चुकवण्यास दोन महिन्यांची मुदत द्यावयाची आणि प्रत्येक खरेदीवर अल्पसा आकार घेऊन निधी वाढवावयाचा, अशी त्याची रचना आहे. महाराष्ट्रातील कोणत्याही खरेदी-विक्री संघाच्या सभासदाला ही रचना ओळखीची वाटेल. हा सहकार आहे.

अशा साधनाची गरज दूरच्या देशांनाच आहे असे नव्हे. ऑगस्ट २०१७ मध्ये गोरखपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात अवघ्या काही दिवसांत साठांवर बालके दगावली. प्राणवायू पुरवणाऱ्याची बिले थकली होती आणि पुरवठ्यात खंड पडला होता. मृत्यूंचे कारण तेच होते हे तेथील सरकारने नाकारले. पण बिले थकली होती ही गोष्ट कोणालाही नाकारता आली नाही. ऑक्टोबर २०२३ च्या प्रारंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण मरण पावले व त्यांत बारा नवजात बालके होती, तेव्हाही औषधटंचाईच्या तक्रारी झाल्या आणि रुग्णालयाने त्या नाकारल्या. कारणांचा वाद बाजूला ठेवला तरी महाराष्ट्राच्या औषधखरेदीची घडी बसलेली नाही, हे सरकारनेच आपल्या कृतीने मान्य केले आहे. २०१७ साली खरेदीचे काम हाफकिन महामंडळाकडे सोपवले. विलंबाच्या तक्रारी सुरू राहिल्या. आणि २०२३ साली कायदा करून स्वतंत्र खरेदी प्राधिकरण निर्माण करावे लागले. तामिळनाडूने हे काम १९९४ सालीच सरकारी महामंडळाकडे देऊन रुळावर आणले होते. खरेदीची यंत्रणा बदलली, तरी तिच्या हाती वर्षारंभी रोख पैसा नसेल तर फरक पडणार नाही. बालकांच्या औषधांपुरता तरी एक फिरता निधी राज्यात असावा, ही मागणी म्हणूनच साधी आणि व्यवहार्य आहे.

मात्र फिरता निधी भरून कोण देणार, यावर त्याचा स्वभाव ठरतो. १९८७ साली बामाको येथे आफ्रिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी युनिसेफच्या साहाय्याने असाच एक उपक्रम मान्य केला. गावाला औषधांचा पहिला साठा मिळावा, तो रुग्णांना विकावा आणि आलेल्या पैशातून पुढचा साठा घ्यावा, अशी कल्पना होती. काही ठिकाणी त्यामुळे रिकामी कपाटे भरली, हे खरे. पण ज्याच्याजवळ पैसा नव्हता तो दारातूनच परत गेला. निधी सरकारने भरला तर तो खावटी ठरतो. रोग्याने भरला तर तो दुकानदारी ठरते.

रोखे म्हणजे उचल

दुसरी जात रोख्यांची. २००६ साली ब्रिटनच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय लसीकरण वित्तसुविधा नावाची संस्था निघाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिने शंभर कोटी डॉलरांचे पहिले रोखे विकले. तिची पद्धत अशी. ब्रिटन, फ्रान्स, इटली, स्पेन, नॉर्वे, स्वीडन आदी सरकारे पुढील वीसएक वर्षे ठराविक रक्कम देण्याचे कायदेशीर वचन देतात. त्या वचनाच्या आधारावर बाजारात रोखे विकून पैसा आजच उभा केला जातो व तो गॅव्हीमार्फत लसींवर खर्च होतो. आणि सरकारांचे हप्ते जसजसे येतात तसतशी रोखेधारकांची मुद्दल व व्याज फेडले जाते. दक्षिण आफ्रिकेसारखा देशही देणगीदारांत आहे, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट होय.

मुळशीचा कातकरी या व्यवहाराला एका शब्दात नाव देईल : उचल. वीटभट्टीचा मालक हंगामापूर्वी उचल देतो आणि मग सारे कुटुंब हंगामभर ती फेडीत राहते. फरक इतकाच, की येथे उचल घेणारी सरकारे सधन आहेत आणि व्याजाचा दर माफक आहे. हा फरक लहान नाही. लसीच्या बाबतीत आजचा रुपया उद्याच्या रुपयाहून खरोखरच अधिक मोलाचा असतो. एका वर्षी सर्व मुलांना लस मिळाली, तर रोगाचा प्रसार तुटतो. तोच पैसा वीस वर्षांत थोडाथोडा खर्च केला, तर रोग टिकून राहतो. मोठी मागणी एकदम नोंदवली तर दरही उतरतो. या रोख्यांमुळे अनेक देशांतील मुलांना लस वर्षे आधी मिळाली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

परंतु या साधनाविषयी एक भ्रम पसरवला जातो, तो दूर केला पाहिजे. रोख्यांनी नवा पैसा निर्माण होत नाही. बाजार देणगी देत नाही. तो उसने देतो. फेड होते ती त्या त्या देशांतील करदात्यांच्या पैशातून, म्हणजे तेथील कामगाराच्या व मध्यमवर्गीयाच्या खिशातून. आणि त्या पैशाचा काही भाग लसीऐवजी व्याजाकडे जातो. उद्याच्या मदतीतून आज काढलेली ही रक्कम आहे. उद्या मदत आटली, तर उचल घेतलेल्या कुटुंबाची जी अवस्था होते तीच येथे होईल : पैसा खर्च होऊन गेलेला, आणि फेड शिल्लक. २०२५ च्या घटनांनंतर ही शंका केवळ तात्त्विक राहिलेली नाही. सरकारांनी कर वसूल करण्याचे टाळावे आणि त्याऐवजी कर्ज काढून उदार म्हणवून घ्यावे, याला नावीन्य म्हणता येणार नाही.

हमीभाव कोणाला?

तिसरी जात बाजारहमीची. न्यूमोनिया हा लहान मुलांचा मोठा शत्रू. त्यावरील न्यूमोकॉकल लस श्रीमंत देशांत २००० सालीच आली होती; गरीब देशांत ती परवडत नव्हती. २००९ साली इटली, ब्रिटन, कॅनडा, रशिया, नॉर्वे आणि गेट्स प्रतिष्ठान यांनी मिळून १५० कोटी डॉलरांची आगाऊ हमी जाहीर केली. लस बनवा, आम्ही ठरल्या दराने घेऊ, असे कंपन्यांना आश्वासन मिळाले. दर मात्रेची कमाल किंमत साडेतीन डॉलर ठरली. आणि सुरुवातीच्या सुमारे एकपंचमांश मात्रांना या निधीतून अनुदान देऊन ती सात डॉलरांपर्यंत नेण्यात आली. एका मुलाला तीन मात्रा लागतात.

ज्या शेतकऱ्याने कांद्याला आणि सोयाबीनला हमीभाव मिळावा म्हणून वर्षानुवर्षे रस्ते अडवले, त्याला या बातमीत एक कडू गंमत दिसेल. हमीभावाचे तत्त्व बाजाराच्या पंडितांनाही मान्य आहे. केवळ ते शेतकऱ्याने मागितले, की त्यांना अर्थशास्त्र आठवते. आणि ही हमी कोणाच्या पदरात पडली? निधीचा बहुतांश भाग फायझर आणि ग्लॅक्सो या दोन बड्या कंपन्यांकडे गेला, ज्यांची लस हमीच्या आधीच तयार झालेली होती. स्पर्धा येण्यास दहा वर्षे लागली. पुण्याच्या सीरम संस्थेच्या न्यूमोकॉकल लशीला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली डिसेंबर २०१९ मध्ये, आणि तिचा दर होता मात्रेला सुमारे दोन डॉलर. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात ही लस २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ मध्ये देशभर आली.

सीरम ही खाजगी कंपनी आहे, तिच्या विकासखर्चात देणगीचा पैसा होता आणि हमीनिधीतील काही वाटा तिलाही मिळाला, हे विसरून तिचा जयजयकार करण्याचे कारण नाही. मुद्दा वेगळा आहे. दर उतरतो तो हमीने नव्हे, तर उत्पादकांची संख्या वाढल्याने आणि खरेदीदार एकजुटीने उभा राहिल्याने. पाच रोगांवरील एकत्रित लशीचा अनुभव हेच सांगतो. तिच्या उत्पादनात अनेक भारतीय कंपन्या उतरल्या, युनिसेफने मागणी एकत्र केली आणि २०१६ साली पुढील तीन वर्षांसाठी सरासरी दर ८४ सेंटांवर आला. भारतीय उत्पादक उभे राहिले ते १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. त्या कायद्याने औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी नाकारली आणि केवळ प्रक्रियेला संरक्षण दिले. जागतिक व्यापार संघटनेच्या करारापुढे मान तुकवून २००५ साली तो कायदा बदलण्यात आला. बालकांच्या औषधांसाठी आजवर भारताने जगाला दिलेली सर्वांत मोठी ‘अर्थसाहाय्याची’ देणगी कोणती, असे विचारल्यास १९७० चा तो कायदा, असेच उत्तर द्यावे लागेल.

एकजूट मोडली म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने स्वतः पाहिले आहे. १ मे २०२१ पासून केंद्राने कोविड लशीच्या खरेदीचा काही भार राज्यांवर टाकला. एकच कोविशील्ड लस केंद्राला १५० रुपयांना, राज्यांना आधी ४०० व मग ३०० रुपयांना आणि खाजगी रुग्णालयांना ६०० रुपयांना, असे तीन भाव जाहीर झाले. मुंबई महानगरपालिकेसारख्या श्रीमंत संस्थेने एक कोटी मात्रांसाठी जागतिक निविदा काढली आणि ती निष्फळ ठरली. अखेर ७ जून रोजी पंतप्रधानांना राज्यांची खरेदी पुन्हा केंद्राकडे घेत असल्याची घोषणा करावी लागली. लॅटिन अमेरिकेने १९७७ साली जे ओळखले होते, ते शिकण्यासाठी भारताला एका महामारीची किंमत द्यावी लागली.

मुळशीचा धडा

चौथी जात सर्वांत नवी आणि सर्वांत सावधपणे पाहण्याजोगी आहे. तिला परिणाम-रोखे म्हणतात. खाजगी गुंतवणूकदार सामाजिक कामासाठी पैसा घालतो; ठरलेली उद्दिष्टे साधली, तर सरकार किंवा देणगीदार त्याला मुद्दल आणि वर परतावा देतात. राजस्थानात २०१८ साली माता व नवजात बालकांच्या आरोग्यासाठी ‘उत्कृष्ट’ नावाचा असा रोखा निघाला. त्याचा भर लहान खाजगी रुग्णालयांची गुणवत्ता सुधारण्यावर होता. मुळशीला लागून असलेल्या पिंपरी-चिंचवडच्या महापालिकेनेही २०२० साली आरोग्यसेवेसाठी सामाजिक परिणाम-रोख्याची कल्पना स्वीकारून संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाशी सामंजस्य करार केला.

येथे मुळशीचाच इतिहास आठवावा. शंभर वर्षांपूर्वी या खोऱ्यातही एक नावीन्यपूर्ण भांडवल आले होते. टाटांच्या कंपनीने भागभांडवल उभारून नीला-मुळेच्या संगमाजवळ धरण बांधावयास घेतले. त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना व रेल्वेला हवी होती. बावन्न गावांच्या जमिनींवर संकट आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे सत्याग्रहाला बसले. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट यांनी त्यांचे नेतृत्व केले. पुण्याचे जे सावकार त्या जमिनींचे कागदोपत्री मालक होते, त्यांना नुकसानभरपाईत रस होता. कसणाऱ्याला जमीनच हवी होती. १९२४ पर्यंत लढा चालला, बापट दीर्घ कारावासात गेले आणि धरण झाले. वीज मुंबईला गेली, अंधार खोऱ्यात राहिला.

वीज वाईट होती काय? मुळीच नाही. अन्याय होता तो निर्णयात. भांडवल कशासाठी, लाभ कोणाला, आणि मोबदल्याचा हिशेब कोणाशी, हे तिन्ही प्रश्न मावळ्याला कोणी विचारले नाहीत. परिणाम-रोख्यातही धोका नेमका येथेच आहे. गुंतवणूकदाराला जो परिणाम मोजता येतो आणि लवकर दाखवता येतो, तोच निवडला जाईल. पक्क्या रस्त्याच्या काठच्या गावात शंभर मुलांना लस देणे स्वस्त. जलाशयापलीकडच्या वस्तीवरील चार मुलांना देणे महाग. परताव्याचे गणित त्या चार मुलांना नेहमीच वगळील. सार्वजनिक सेवेचे मोठेपण मात्र त्या चारांपर्यंत पोचण्यातच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने आणलेल्या दोन टक्के सामाजिक दायित्वाच्या खर्चालाही हेच लागू पडते. कंपनी आपल्या आसपास, आपल्या निवडीने, आपल्या पाटीखाली खर्च करते. त्यातून एखादी रुग्णवाहिका मिळते. हक्क मिळत नाही.

आपल्याच मातीतील नावीन्य

तर मग पर्याय कोणता? तो शोधण्यासाठी जिनिव्हाला जावे लागत नाही. १९५४ साली हिंजवडीच्या शेजारी पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. भांडवल भारत सरकारचे, यंत्रसामग्रीत युनिसेफचा हात, तांत्रिक ज्ञान जागतिक आरोग्य संघटनेचे. आणि पेनिसिलिन देशाच्या मालकीचे. त्याच काळात युनिसेफने गुजरातेतील खेडा जिल्ह्याच्या दूध संघाला यंत्रे दिली ती या अटीवर, की यंत्रांच्या किमतीहून अधिक किमतीचे दूध संघाने गरीब मुलांना मोफत वाटावे. कर्जाची फेड व्याजाने नव्हे, तर मुलांच्या पेल्यातील दुधाने झाली. याहून नावीन्यपूर्ण असे अर्थसाहाय्य कोणत्या रोख्याने दाखवले आहे? पुढे पिंपरीच्या त्या कारखान्याला उतरती कळा लागली आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देणी भागवण्यासाठी त्याची जादा जमीन विकण्याचे ठरवले. ज्या मुंबईत १८९७ साली प्लेगची लस निर्माण झाली, तेथील हाफकिनचे सरकारी महामंडळ पोलिओच्या तोंडावाटे देण्याच्या लशीचा मोठा पुरवठादार होते. अशा संस्थांना भांडवल नाकारावयाचे आणि मग पुरवठा अपुरा म्हणून खाजगी कंपन्यांना हमी द्यावयाची, या धोरणाला काटकसर म्हणता येत नाही.

कराच्या बाबतीतही तेच. फ्रान्सने जुलै २००६ पासून विमानाच्या तिकिटावर अधिभार बसवला. साध्या वर्गाच्या देशांतर्गत तिकिटावर एक युरो, परदेशच्या वरच्या वर्गावर चाळीस युरो. त्यातून ‘युनिटएड’ संस्थेमार्फत बालकांच्या एड्सवरील औषधांना मोठे साहाय्य झाले. कौतुक झाले ते योग्यच. पण महाराष्ट्राने हे तीस वर्षे आधी केले होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीसाठी १९७५ साली व्यवसायकर बसवला गेला. शहरातील पगारदाराच्या करातून खेड्यातील मजुराला काम, आणि तेवढीच भर राज्याच्या खजिन्यातून. १९७७ च्या कायद्याने, ज्याचा अंमल जानेवारी १९७९ पासून झाला, काम हा हक्क झाला. त्या निधीचा पैसा वेळोवेळी पडून राहिला, अशी टीका झाली व ती रास्त होती; पण हक्काचा कायदा होता, म्हणूनच मजुराला काम मागता आले आणि पडून राहिलेल्या पैशाचा जाब विचारता आला.

व्यवसायकर आजही आहे. हिंजवडीच्या कंपनीतील कर्मचाऱ्याच्या पगारातून दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात. कारकून असो वा लाखोंचे वेतन घेणारा व्यवस्थापक असो, वर्षाला अडीच हजार. ही कमाल मर्यादा घटनेच्या २७६ व्या कलमात १९८८ साली घातली गेली व तेथेच थिजली. वरच्या उत्पन्नासाठी ती वाढवावी आणि वाढीव रक्कम कायद्याने बालकांच्या औषध-लस-पोषणाच्या फिरत्या निधीला जोडावी, या मागणीत अव्यवहार्य काय आहे? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत, कोविडच्या वर्षातही, तो १.८४ टक्के होता आणि एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार कुटुंबांच्या खिशावर होता. आज देशातील सर्वांत मोठे ‘अर्थसाहाय्य’ हे आजारी मुलाची आईच करीत आहे. गळ्यातला डाग गहाण टाकून.

तेव्हा कसोटी सरळ आहे. जे साधन मागणी एकत्र करते, काळाचे अंतर सांधते आणि ऐपतीप्रमाणे कर घेते, त्याचे स्वागत करावे. जे साधन मक्तेदाराच्या दराला हमी देते किंवा परताव्यासाठी सोपी मुले निवडते, त्याला विरोध करावा. आणि जे केवळ उचल देते, त्याला तीन प्रश्न विचारावेत : दर काय, फेड कोण करणार, आणि निर्णय कोणाचा?

ही चर्चा ठरावांपुरती राहिली, तर तिचा उपयोग नाही. पौडच्या ग्रामीण रुग्णालयापासून घाटमाथ्यावरच्या उपकेंद्रापर्यंत प्रत्येक ठिकाणी साठ्याची नोंदवही असते. जूनच्या पहिल्या पावसाआधी कार्यकर्त्यांनी आशा कार्यकर्तीला बरोबर घेऊन ती वही पाहावी. पुढील चार महिन्यांची जलसंजीवनी, झिंक, अमॉक्सिसिलिन आणि लस जागेवर आहे की नाही, हे ग्रामसभेत वाचून दाखवावे. नसेल तर मागणी केव्हा गेली आणि पैसा कोठे अडला, याचे लेखी उत्तर तालुक्याकडून व जिल्हा परिषदेकडून घ्यावे. अशा पन्नास गावांच्या नोंदी घेऊन विधिमंडळात फिरत्या निधीची मागणी झाली, तर तिला टाळणे कोणत्याही सरकारला सोपे जाणार नाही.

१९२१ साली मुळशीच्या मावळ्याने आपल्या जमिनीचा हिशेब मागितला होता आणि त्याला कोणी तो दिला नाही. त्याच्या पणतवंडांच्या औषधाचा हिशेब तरी या वेळी मुळशीतच मांडला जावा.